अडकलेला ईआरपी रुळावर आणायचा असेल तर : ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी पायरी-पायरीने

कारखान्यात ईआरपी (खरेदी, स्टॉक, उत्पादन, विक्री आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) फसला आहे का, हे कळायला फार वेळ लागत नाही. बिलं नव्या सिस्टीममधून निघत असतात, पण स्टॉक विचारला की स्टोअरमधले काका ड्रॉवरमधून वही काढतात. अकाउंट्समध्ये टॅली अजून चालूच असते, 'तात्पुरती'. महिनाअखेरीला एखादा मुलगा रात्री थांबून अख्ख्या महिन्याची प्रॉडक्शन एंट्री एका बैठकीत मारतो. आणि मालकांच्या मोबाइलवर रोज संध्याकाळी येणारा विक्रीचा आकडा कुणीतरी एक्सेलमध्ये बघून हाताने टाइप केलेला असतो.

हा लेख अशा कंपन्यांसाठी आहे. दिघा ते तुर्भे यांच्यामध्ये कुठेतरी कारखाना, तळोज्याला किंवा भिवंडीला गोदाम, वागळे इस्टेटला ऑफिस, आणि वर्ष-दीड वर्षापासून 'पुढच्या महिन्यात पूर्ण होईल' असं ऐकवणारा व्हेंडर. नवं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, ही चर्चा इथं नाही. अडकलेल्या कंपन्यांना आधी वाटतं की सॉफ्टवेअरच चुकीचं घेतलं. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअर ठीकठाक होतं. माल गेटमधून आत येतो, शेजारच्या गल्लीत जॉबवर्कला (बाहेरून प्रक्रिया करून घ्यायला) जातो, परत येतो आणि गाडीत चढतो, ही वाट मात्र स्क्रीनवर कधी उतरलीच नव्हती. डेमो कॉन्फरन्स रूममध्ये झाला, सही ऑफिसात झाली, आणि गेटवरच्या वॉचमनला कुणी काही विचारलं नाही. म्हणून खालच्या पायऱ्या मालाच्या मागोमाग जातात.

पायरी १ : आजार किती खोल आहे ते मोजा

मीटिंग बोलावण्याआधी दोन तपासण्या करा. दोन्ही एका दिवसात होतात आणि व्हेंडरची गरज लागत नाही.

पहिली तपासणी स्टॉकची. वीस आयटम निवडा : काही रोज लागणारे, काही महागडे, आणि काही मुद्दाम असे जे बाहेर जॉबवर्करकडे पडलेले आहेत. सिस्टीममधला आकडा छापून घ्या आणि त्याच दिवशी प्रत्यक्ष मोजा. निम्म्याहून जास्त आयटम जुळले नाहीत, तर डॅशबोर्ड, एमआयएस (मालकांसाठीचे अहवाल), कॉस्टिंग हे विषय सध्या बंद ठेवा. त्या आकड्यांवर चर्चा करण्यात अर्थ नाही.

दुसरी तपासणी एका गाडीची. गेल्या आठवड्यात माल घेऊन आलेली कोणतीही एक गाडी निवडा. गेट रजिस्टरमधली वेळ, जीआरएनची (माल मिळाल्याच्या नोंदीची) तारीख, क्वालिटीची नोंद आणि सप्लायरचं बिल बुक झाल्याची तारीख, या चार गोष्टी एका कागदावर लिहा. गाडी सोमवारी आली आणि जीआरएन शुक्रवारी झाला असेल, तर मधले चार दिवस तो माल कारखान्यात होता, कदाचित वापरूनही झाला, पण सिस्टीमच्या लेखी तो अजून रस्त्यातच होता.

जीआरएन उशिरा पडण्याचा फटका स्टॉकपुरता राहत नाही. सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर त्याचे पैसे आपल्याला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, आणि हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. मुदत चुकली तर त्या वर्षाच्या उत्पन्नातून तो खर्च वजा मिळत नाही, पैसे देईपर्यंत थांबावं लागतं. जीआरएनची तारीख खोटी असेल तर ईआरपीचा ड्यू-डेट रिपोर्टही खोटा. आपल्या पट्ट्यात बरेच सप्लायर याच वर्गातले असतात.

पायरी २ : नवे बदल गोठवा आणि घरचा माणूस नेमा

अडकलेल्या प्रकल्पात चेंज रिक्वेस्टची यादी लांबतच जाते. सेल्सला बिलाच्या फॉरमॅटमध्ये लोगो मोठा हवा, परचेसला चार पातळ्यांची मंजुरी हवी, एचआरला त्यातच हजेरी हवी. व्हेंडरलाही ते चालतं, कारण प्रत्येक बदलाचं वेगळं बिल होतं. ही यादी एकत्र करून तीन भाग करा. ज्याशिवाय कायद्याने माल बाहेर जाऊ शकत नाही ते आधी. ज्याशिवाय स्टॉक चुकतो ते त्यानंतर. बाकी सगळं तीन महिन्यांनी बघू, असं मालकांनी स्वतः सांगायचं. आयटी मॅनेजरने सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

इथं जर्मनीच्या लिडल या सुपरमार्केट साखळीचं उदाहरण आठवतं. २०११ मध्ये सुरू केलेला सॅप या ईआरपी सॉफ्टवेअरवरचा प्रकल्प त्यांनी २०१८ मध्ये गुंडाळला. तोवर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. अडचणीचं एक मूळ फार साधं होतं : लिडल स्टॉकची किंमत खरेदीच्या दराने धरत असे, आणि त्या सॉफ्टवेअरची मूळ रचना विक्रीच्या दरावर होती. कंपनीने आपली पद्धत बदलली नाही, सॉफ्टवेअर वाकवायचं ठरवलं, आणि त्या वाकवण्याला शेवट राहिला नाही. 'आमच्याकडे असंच चालतं' हे वाक्य मीटिंगमध्ये आलं की विचारा : असं केल्याने गिऱ्हाईक आपल्याकडे येतं का? येत नसेल, तर आपली पद्धत बदलणं स्वस्त पडतं.

घरच्या माणसाबद्दल माझं मत ठाम आहे. तो आयटीतला नको. व्हेंडरचा प्रोजेक्ट मॅनेजर तर नकोच. स्टोअर, प्लॅनिंग किंवा डिस्पॅच यांपैकी कुठेतरी दहा वर्षं काढलेला, ज्याला शॉपफ्लोअरवरचे लोक नावाने हाक मारतात, असा माणूस घ्या. त्याचं निम्मं रोजचं काम काढून दुसऱ्याला द्या. 'तुझं काम सांभाळून हेही बघ' असं सांगितलं की तो ईआरपी बघत नाही. बघूच शकत नाही.

पायरी ३ : मालाच्या मागे चालत जा

ही पायरी सगळ्यात मोठी. हिला दोन आठवडे लागले तरी लागू द्या. घरचा माणूस आणि व्हेंडरचा कन्सल्टंट, दोघांनी मिळून गेटपासून डिस्पॅचपर्यंत चालायचं. सेकंड शिफ्टमध्येही जायचं, कारण गोंधळ संध्याकाळी सातनंतर होतो.

गेटवर बघा की नोंद कोण करतं. सिक्युरिटी एजन्सीची माणसं सतत बदलतात, त्यामुळे पंधरा रकाने असलेली स्क्रीन तिथं कधीच भरली जाणार नाही. गाडी नंबर, पार्टी, सप्लायरच्या चलनाचा (मालासोबतच्या कागदाचा) नंबर आणि वेळ, एवढंच ठेवा. बाकीचं स्टोअरमध्ये. पावसाळ्यात रस्ता खोदला की इंटरनेट तुटतं. त्यासाठी क्रमांक छापलेली कागदी पावती पुस्तकं गेटवर ठेवा, आणि नेट आल्यावर त्या क्रमांकासकट नोंद व्हायला हवी.

स्टोअरमध्ये दोन गोष्टी शोधा. एक म्हणजे युनिट. पोलादी सळई किलोने येते, कापताना मीटरने मोजतात आणि तयार पार्ट नगाने जातो. केमिकलचा ड्रम किलोने विकत घेतात आणि प्लॅंटमध्ये लिटरने ओततात. प्रत्येक आयटमचं परिवर्तन कुठं लिहिलंय, ते कुणी ठरवलं आणि ते बदलायचा अधिकार कुणाला आहे, हे विचारा. एका जाडीच्या पत्र्याचं वजनाचं गणित दुसऱ्याला चिकटवलेलं असलं, की स्टॉक दर महिन्याला थोडा थोडा सरकतो आणि चोरीचा संशय बिचाऱ्या स्टोअरकीपरवर येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे निगेटिव्ह स्टॉक, सिस्टीममध्ये शून्याखाली गेलेली शिल्लक. जीआरएन व्हायच्या आधीच प्रॉडक्शनने माल उचलला म्हणून इश्यूची (माल दिल्याची) नोंद अडायला लागली, आणि कुणीतरी कंटाळून 'निगेटिव्ह चालेल' ही खूण लावून टाकली. त्या दिवसापासून सिस्टीमने विरोध करणं बंद केलं. ही खूण काढायची आहे, पण आज काढली तर लाइन बंद पडेल. आधी जीआरएन त्याच शिफ्टमध्ये होईल अशी व्यवस्था करा : सेकंड शिफ्टला स्टोअरमध्ये एक माणूस, आणि क्वालिटीसाठी थांबलेल्या मालाला वेगळं लोकेशन. मग एकेका मटेरियल गटाची खूण काढत जा.

एका इंजिनीअरिंग कंपनीत मी विचारलं होतं, "काका, हे चाळीस हौसिंग सिस्टीममध्ये आहेत, मग रॅकवर का नाहीत?" काका शांतपणे म्हणाले, "आहेत ना साहेब, प्लेटिंगवाल्याकडे. सिस्टीमला सांगायचं राहिलंय."

जॉबवर्क हा आपल्या भागातल्या ईआरपीचा सर्वात दुखरा सांधा आहे. प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट, पावडर कोटिंग, ग्राइंडिंग, सगळं दोन गल्ल्या पलीकडच्या शेडमध्ये होतं. माल टेम्पोने सकाळी जातो, दुपारी निम्मा परत येतो, निम्मा उद्या. कधी तिथूनच पुढच्या जॉबवर्करकडे जातो, कधी थेट गिऱ्हाइकाकडे. व्हेंडरने मात्र आपल्या ठरलेल्या साच्यात जॉबवर्क म्हणजे साधी सेवा-खरेदी धरलेली असते : ऑर्डर, बिल, पेमेंट. माल कुठं आहे याचा त्यात पत्ताच नाही.

हे कायद्यानेही महाग पडतं. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि भांडवली वस्तू तीन वर्षांत परत यायला हव्यात किंवा तिथून पुढे विकल्या जायला हव्यात. साचे, जिग-फिक्श्चर आणि टूल्स यांना ही मुदत नाही. मुदत उलटली तर कच्चा माल पाठवल्याच्या दिवशीच विकला असं धरून कर आणि व्याज लागतं. उलाढाल ५ कोटींपेक्षा जास्त असेल तर आयटीसी-०४ हे विवरण वर्षातून दोनदा भरायचं असतं, आणि ते वहीवरून तयार करणारे लोक मी बघितले आहेत. म्हणून प्रत्येक जॉबवर्करला सिस्टीममध्ये एक स्टॉक लोकेशन द्या. पाठवलेल्या प्रत्येक चलनाची शिल्लक किती, ती किती दिवसांची, हे एका क्लिकवर दिसलं पाहिजे. रिजेक्शन, तिथं राहिलेलं स्क्रॅप, एका जॉबवर्करकडून दुसऱ्याकडे थेट पाठवणी, या तिन्ही नोंदी चालतात का ते बघा. याच्यासाठी कस्टमायझेशनचे पैसे द्यावे लागले तर द्या. बाकी सगळ्यावर चिकटपणा करा, इथं नको.

पायरी ४ : मास्टर डेटा

आयटम, पार्टी आणि कराचे दर यांच्या मूळ याद्या साफ करायच्या. कंटाळवाणं काम, पण टाळता येत नाही. आयटम मास्टरमध्ये एकच दहा एमएमची प्लेट चार नावांनी सापडेल. आधी नवे कोड उघडायचा अधिकार एकाच व्यक्तीकडे द्या, मग जुने साफ करा. उलट्या क्रमाने केलं तर साफ करता करता नवे तयार होत राहतात. दोन वर्षांत न हललेले कोड ब्लॉक करा, पण डिलीट करू नका.

पार्टी मास्टरसाठी एक सोपी युक्ती. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पूर्ण यादी एक्सेलमध्ये घेऊन पॅन वेगळा काढा आणि क्रमाने लावा. एकाच राज्यात एकाच पॅनचे दोन-तीन खाते दिसले, की बहुधा डुप्लिकेट सापडला. ज्यांच्याकडे क्रमांकच नाही ती वेगळी यादी अकाउंट्सच्या मॅडमकडे द्या.

कराचे दर आयटमवर एकाच रकान्यात लिहिलेले असतील तर तेही बदलून घ्या. दराला 'या तारखेपासून' असा रकाना हवा. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हा ज्यांच्या सिस्टीममध्ये हा रकाना नव्हता त्यांची जुन्या बिलांवरची क्रेडिट नोट नव्या दराने निघायची भीती होती.

पायरी ५ : घाणेरड्या उदाहरणांवर चाचणी घ्या

व्हेंडरने दाखवलेली चाचणी नेहमी पास होते. एक ऑर्डर, एक जीआरएन, एक बिल, सगळं हिरवं. तुमच्या फायलींमधली सर्वात त्रासदायक प्रकरणं काढा. दोन महिन्यांनी अर्धा परत आलेला लॉट. दरफरकाची डेबिट नोट. फुकट पाठवलेलं सॅम्पल. गाडी निघून गेल्यावर पार्टीने पत्ता बदलायला सांगितलेलं बिल. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत चढवला, म्हणून ई-वे बिलाचा (माल वाहतुकीच्या ऑनलाइन कागदाचा) गाडीच्या तपशिलाचा भाग बी पुन्हा भरायला लागलेली फेरी.

ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, वेगळं तपासा. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ते लागू आहे, आणि १० कोटी किंवा जास्त उलाढाल असेल तर १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर जावंच लागतं. रद्द करायचं असेल तर २४ तासांच्या आत, नंतर क्रेडिट नोट. शिवाय रद्द केलेला बिल क्रमांक पुन्हा चालत नाही. पोर्टल बंद असताना डिस्पॅचवाला काय करतो, हे प्रत्यक्ष करून बघा.

चाचणी कोण घेतं हेही महत्त्वाचं. मॅनेजर नको, रोज एंट्री करणारी मुलगी हवी. ती जिथं थांबते, तिथं स्क्रीन चुकलेली असते.

पायरी ६ : कटओव्हरची तारीख

कटओव्हरसाठी, म्हणजे जुनं सोडून पूर्णपणे नव्या सिस्टीमवर जायला, सगळे १ एप्रिल निवडतात. वर्ष स्वच्छ सुरू होतं, हे खरं. पण तेव्हा अकाउंट्सचे लोक वर्षअखेरीत बुडालेले असतात, सेल्सने मार्चमध्ये माल ढकललेला असतो आणि स्टॉक मोजायला कुणी मोकळं नसतं. मी १ जुलै किंवा तुमच्या धंद्यातला शांत महिना घेईन. सीझन अंगावर असताना मात्र कधीही नाही. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये एप्रिलला ठरलेली सुरुवात लांबवून जुलैमध्ये केली आणि ती ऐन हॅलोवीनच्या ऑर्डरींवर येऊन आदळली. गोदामात माल पडून होता, तरी सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पोचल्या नाहीत. आपल्याकडे मिठाईच्या पॅकिंगचा डबा बनवणाऱ्या कारखान्याने गणपती ते दिवाळी या काळात कटओव्हर केलं तर वेगळं काही होणार नाही.

वर्षाच्या मध्यात बदलताना बिलांची नवी मालिका सुरू करा. बिल क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. शाखा, वर्ष, विभाग असं सगळं त्यात कोंबणाऱ्यांचं सतरावं अक्षर पोर्टलवर अडकतं.

साप्ताहिक सुट्टीला जोडून एक दिवस कारखाना पूर्ण बंद ठेवा आणि सगळा माल मोजा. बाहेर पडलेल्या मालासाठी प्रत्येक जॉबवर्करकडून सहीशिक्क्याचं शिल्लक पत्र घ्या. ओपनिंगमध्ये सर्वात जास्त सुटतात त्या अर्धवट गोष्टी : अर्धी पुरवलेली ऑर्डर, सप्लायरला दिलेला ॲडव्हान्स, आलेला पण बिल न आलेला माल, लाइनवरचं डब्ल्यूआयपी (अर्धवट बनलेला माल). यांच्या वेगळ्या याद्या करा आणि प्रत्येकीवर विभागप्रमुखाची सही घ्या.

पायरी ७ : जुनं बंद करा

दोन्हीकडे एंट्री करायची 'पॅरलल रन' एका महिन्यापेक्षा जास्त चालवू नका. तीच माणसं दोनदा एंट्री करतात, थकतात, आणि मग सवयीच्या जागी नीट करतात, म्हणजे जुन्याच जागी. एका महिन्यात थकबाकी, स्टॉकची किंमत आणि जीएसटीचे आकडे दोन्हीकडे जुळवून बघा. ११ तारखेचा जीएसटीआर-१ आणि २० तारखेचा ३बी ही जीएसटीची विवरणं नव्या सिस्टीममधून भरली गेली, की टॅलीमध्ये नवी एंट्री बंद. फक्त बघायला ठेवा, आणि ठेवाच : कंपनीची हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं, आणि जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन्स संपून डेटा उघडेनासा झाला, तर पहिला त्रास ऑडिटच्या वेळी होतो.

गो-लाइव्हनंतरच्या (नवी सिस्टीम सुरू झाल्यानंतरच्या) पहिल्या आठवड्यांत एक मोह व्हेंडरला आणि कंपनीला दोघांनाही होतो : आकडा जुळत नाही ना, मग मागून डेटाबेसमध्ये जाऊन दुरुस्त करून टाकू. हे होऊ देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा, बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल असावा लागतो, आणि ऑडिटरला आपल्या अहवालात त्यावर लिहावं लागतं. डेटाबेसचा पासवर्ड कुणाकडे आहे, हे आजच विचारा. दुरुस्ती असेल तर ती समोरच्या दारातून, उलट एंट्री करून. बॅकअपही रोजचा, आणि भारतातल्या सर्व्हरवर असावा लागतो. सॉफ्टवेअर परदेशी क्लाउडवर असेल तर हे लेखी घ्या.

पायरी ८ : व्हेंडरशी बोलणी

भांडण करून फारसं मिळत नाही. बहुतेक करारांत पैसे 'मॉड्यूल दिलं' या टप्प्यावर अडकवलेले असतात आणि ते टप्पे केव्हाच पार पडलेले असतात. उरलेली रक्कम नव्याने बांधून घ्या : एक महिना सर्व बिलं आणि ई-वे बिलं सिस्टीममधून निघाली की एक भाग, त्या वीस आयटमची तपासणी सलग दोन महिने जुळली की दुसरा, एक महिना पाच कामाच्या दिवसांत बंद झाला की तिसरा. कन्सल्टंट वारंवार बदलत असेल तर करारात माणसाचं नाव आणि बदलताना आठवडाभर दोघांनी एकत्र बसण्याची अट घाला.

तोडायचंच ठरलं, तर नोटीस पाठवण्याआधी काही वस्तू हातात असू द्या : पूर्ण डेटाबेसचा बॅकअप आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्याची खात्री, ॲडमिन पासवर्ड, कंपनीच्या नावावरचं लायसन्स, आणि कस्टमाइझ केलेल्या प्रोग्रॅमचा सोर्स. डोमेन आणि क्लाउडचं खातं कुणाच्या ईमेलवर उघडलंय तेही बघा. छोट्या व्हेंडरच्या बाबतीत ते त्याच्याच नावावर सापडतं.

वार्षिक देखभालीचा करार मात्र घाईने करू नका. तिसरा महिना बंद होईपर्यंत थांबा, त्या तीन महिन्यांत आलेल्या तक्रारींची यादी समोर ठेवा, त्यातल्या कोणत्या मूळ कामातल्या त्रुटी आणि कोणत्या खऱ्या देखभालीतल्या, हे वेगळं करा, आणि पहिल्या प्रकारच्या फुकट सोडवून मिळाल्यावरच दर ठरवायला बसा.